अटलांटाला यायचे तर चैत्रात या

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परदेशातील मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी आपल्या पुरवणीत व्हिसा, प्रवासविमा, औषधे आणि सामानाचे वजन यांविषयी वेळोवेळी जे मार्गदर्शन येते, त्याचा उपयोग माझ्या ओळखीतल्या पुष्कळ कुटुंबांना झाला आहे. मात्र कोणत्या महिन्यात जावे आणि गेल्यावर दिवस कसे घालवावेत, याविषयी सहसा लिहिले जात नाही. जे लिहिले जाते ते न्यूयॉर्क, शिकागो किंवा कॅलिफोर्निया डोळ्यांसमोर ठेवून. मी गेली अनेक वर्षे जॉर्जिया राज्याची राजधानी असलेल्या अटलांटा शहराच्या परिसरात राहते. अमेरिकेच्या दक्षिणेतले हे मोठे शहर आहे, येथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि दरवर्षी त्यांचे आईवडील येतात. त्यांच्यापैकी बहुतेक जण चुकीच्या ऋतूत येतात, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्चच्या मध्यापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत येथे जो वसंत असतो, तो बाहेर पडून अनुभवावा असा आहे आणि त्यासाठी फारसा खर्चही येत नाही. तो निसटू देऊन लोक जूनमध्ये येतात आणि वातानुकूलित दिवाणखान्यात बसून राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जूनमध्ये येण्याची कारणे मला ठाऊक आहेत. येथील शाळा मेच्या अखेरीस सुटतात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा भरतात, तेव्हा नातवंडांची सुट्टी गाठण्यासाठी आजीआजोबा जूनचे तिकीट काढतात. शिवाय एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे आंब्याचा मोसम आणि लग्नसराई, तेव्हा घर सोडवत नाही. पण जून ते ऑगस्ट या काळात अटलांटाचा पारा बत्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, हवेत दमटपणा इतका असतो की सकाळी दहानंतर साठी-सत्तरीच्या माणसाने मोकळ्या जागी तासभर चालणे नकोसे होते, आणि दुपारी वळवासारखा पाऊस केव्हाही कोसळतो. याउलट मार्चमध्ये दिवसाचे कमाल तापमान अठरा अंशांच्या आसपास, एप्रिलमध्ये तेवीसच्या आसपास आणि मेमध्ये सत्तावीसच्या आसपास असते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर असल्यामुळे वसंतातल्या सकाळी चांगल्याच गार असतात. एक स्वेटर आणि पायात चालण्याचे बूट एवढी तयारी पुरते. नातवंडांचा प्रश्न उरतो, त्यालाही उत्तर आहे. येथील बहुतेक शाळांना एप्रिलच्या सुरुवातीस आठवडाभराची वसंताची सुट्टी असते, आणि नेमक्या त्याच वेळी शहर फुलांनी भरलेले असते.

अटलांटाला जंगलात वसलेले शहर म्हणतात, आणि ते अतिशयोक्तीने नव्हे. शहराच्या हद्दीतील जवळजवळ निम्मी जमीन झाडांच्या छायेखाली आहे. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहरांत असे क्वचितच आढळते. हिवाळ्यात ओक, मेपल आणि ट्युलिप पॉपलर यांची पाने झडलेली असतात. मार्च उजाडताच प्रथम रेडबड फुलते, त्याच्या निष्पर्ण फांद्यांना थेट सालीतूनच जांभळट गुलाबी कळ्या येतात. मग चेरी येते आणि मार्चच्या अखेरीस डॉगवुड व अझेलिया एकाच वेळी बहरतात. डॉगवुड जवळून पाहावे असे झाड आहे. ज्यांना आपण चार पांढऱ्या पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नव्हेतच, ती रंगीत झालेली पाने असतात. प्रत्येकाच्या टोकाला तपकिरी रंगाची लहानशी खाच असते, आणि खरी फुले म्हणजे मधोमध असलेला हिरवट पिवळ्या बारीक बोंडांचा झुबका. हे झाड उंच वृक्षांच्या सावलीत वाढते, त्यामुळे वरची पालवी दाट होण्यापूर्वी त्याला आपला बहर उरकावा लागतो. म्हणूनच हा सोहळा दोन-तीन आठवड्यांत संपतो, आणि म्हणूनच तारखांना महत्त्व आहे.

शहरातला वसंत पाहण्याची सुरुवात पीडमाँट पार्कपासून करावी. मार्टा या शहर रेल्वेने मिडटाऊन स्थानकावर उतरले की दहा-पंधरा मिनिटे चालत हे उद्यान येते. एका फेरीचे भाडे अडीच डॉलर आहे आणि ही रेल्वे थेट विमानतळापासून धावते. उद्यानाच्या जागेवर १८८७ मध्ये आणि पुन्हा १८९५ मध्ये मोठी औद्योगिक प्रदर्शने भरली होती. त्यांपैकी दुसऱ्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचे गाजलेले भाषण झाले, ज्याच्यावर कृष्णवर्णीय समाजात पुढे कित्येक वर्षे वाद चालला. शहराने १९०४ मध्ये ही जमीन विकत घेतली आणि काही वर्षांनी ओल्मस्टेड बंधू या उद्यानरचनाकारांनी तिचा आराखडा केला. आज तळ्याच्या काठाने फिरताना पाण्यात उंच इमारतींची प्रतिबिंबे दिसतात, हिरवळीवर मुले पतंग उडवतात, आणि जागोजागी बाक आहेत, ही ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय. १९३६ मध्ये सुरू झालेला डॉगवुड महोत्सव आजवर मुख्यतः याच उद्यानात एप्रिलमध्ये भरत आला आहे; चित्रकार, कुंभार आणि धातुकाम करणारे कलावंत त्यात आपापल्या राहुट्या लावतात. मात्र गर्दीचा त्रास होणाऱ्यांनी महोत्सवाच्या शनिवार-रविवारी न जाता त्याच आठवड्यातल्या एखाद्या मंगळवारी जावे, झाडे तीच असतात. उद्यानाला लागूनच शहराची वनस्पती बाग आहे. तिला तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही, पण वसंतात तेथे ट्युलिपचे वाफे फुललेले असतात आणि झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा सुमारे ६०० फूट लांबीचा झुलता पादचारी मार्ग आहे. जमिनीपासून चाळीस फुटांवर, नव्या पालवीच्या बरोबरीने चालण्याचा हा अनुभव गुडघेदुखी असलेल्यांनाही घेता येतो, कारण मार्गाला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

पीडमाँट पार्कच्याच कडेने बेल्टलाइन हा चालण्याचा आणि सायकलींचा मार्ग जातो. शहराभोवती पूर्वी मालगाड्यांचे रूळ होते आणि ते वापराविना पडून होते. जॉर्जिया टेक या संस्थेत शिकणाऱ्या रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये आपल्या प्रबंधात अशी कल्पना मांडली की हे रूळ जोडून २२ मैलांचे वर्तुळ करावे आणि वस्त्या एकमेकींना जोडाव्यात. प्रबंध कपाटात राहिला नाही. नागरिकांनी तो उचलून धरला, नगरपालिकेने मान्य केला आणि २०१२ मध्ये पूर्वेकडचा पक्का मार्ग खुला झाला. आज त्या मार्गाने चालताना एका बाजूला १९२६ मध्ये बांधलेली सिअर्स कंपनीची अजस्र विटांची इमारत लागते, जिच्यात आता बाजार आणि खाण्याची ठिकाणे आहेत. तिच्या पलीकडे एक तळे लागते, जे मुळात पावसाचे पाणी साठवून सखल भागातला पूर टाळण्यासाठी खोदले गेले आणि त्याच्याभोवती बाग केली गेली. ज्यांनी आपल्या गावात सार्वजनिक कामे केली आहेत, नगरपालिकेत नोकरी केली आहे किंवा अभियंते म्हणून आयुष्य घालवले आहे, अशा पाहुण्यांना हे तळे मी आवर्जून दाखवते, आणि त्यांच्याकडून मला नेहमी काहीतरी नवे ऐकायला मिळते. चालण्याचा शिष्टाचार एवढाच की उजव्या बाजूने चालावे, चौघांनी हातात हात घालून रस्ता अडवू नये आणि मागून सायकलस्वाराने आवाज दिला तर दचकून डावीकडे सरकू नये. शनिवारी दुपारी विजेच्या स्कूटरांची फार वर्दळ असते, म्हणून ज्येष्ठांनी सकाळची वेळ निवडावी.

या मार्गापासून थोडे पश्चिमेला गेले की ऑबर्न अव्हेन्यू येते, जेथे मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म झाला आणि जेथे त्यांची व पत्नी कोरेटा यांची समाधी आहे. हा सारा परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून जपला आहे आणि प्रवेशाला शुल्क नाही. अभ्यागत केंद्राजवळ महात्मा गांधींचा पुतळा आहे. किंग १९५९ मध्ये भारतात येऊन गेले होते हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते, पण येथे त्यांच्या गल्लीत, फुललेल्या झाडांखाली तो पुतळा पाहताना माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या माणसांना जे वाटते ते मी पुष्कळदा पाहिले आहे. वसंतातल्या सकाळी हा परिसर शांत असतो. मुले आईवडिलांना या शहरातले मोठे मत्स्यालय दाखवतात, शीतपेयाच्या कंपनीचे संग्रहालय दाखवतात, आणि ही जागा मात्र पुष्कळदा राहून जाते.

तेथून जवळच ओकलंड ही १८५० साली सुरू झालेली दफनभूमी आहे. दफनभूमीत फिरायला जाणे आपल्या माणसांना चमत्कारिक वाटेल हे मी जाणते आणि कोणाला आग्रहही करत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात येथे शहरातली कुटुंबे रविवारी डबे घेऊन येत, आपल्या माणसांच्या थडग्यांभोवती बाग करीत आणि दिवस घालवीत. तो बगीचा आजही राखला जातो, आणि मार्च-एप्रिलमध्ये जुन्या जातींचे गुलाब, डॅफोडिल आणि आयरिस यांनी तो भरून जातो. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन येथे विसावले आहेत. त्याच आवारात गुलामगिरीत मेलेल्या, ज्यांची नावेही दगडावर नाहीत अशा माणसांचाही एक भाग आहे. दक्षिणेचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर ही एक फेरी पुरेशी बोलकी आहे.

आता नदीविषयी, कारण या शहराची खरी श्रीमंती माझ्या मते तीच आहे. चॅटाहूची नदी उत्तरेच्या डोंगरांतून येते, बफर्ड धरणात अडते आणि मग शहराच्या वायव्य कडेने वाहते. धरणापासून खालच्या ४८ मैलांच्या पट्ट्यात नदीकाठची जंगले राखण्यासाठी १९७८ मध्ये राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र स्थापन झाले. त्या कायद्यावर सही करणारे अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः जॉर्जियाचेच. काठाने सपाट, रुंद, मातीची पायवाट हवी असेल तर कॉक्रन शोल्स येथे जावे. तेथे पहाटे धावणारे, बाबागाड्या ढकलणारे, कुत्र्यांना फिरवणारे असे सगळे असतात, आणि निळे बगळे उथळ पाण्यात तासन्‌तास उभे असतात. थोडा चढउतार चालत असेल तर ईस्ट पॅलिसेड्सची वाट धरावी. त्या वाटेच्या एका टोकाला चक्क बांबूचे उंच बन आहे, आणि कोकणातून आलेल्या माणसाने तेथे पोहोचल्यावर बांबूच्या जाडीची आणि जातीची चर्चा सुरू केली नाही, असे मी पाहिलेले नाही. रॉझवेलजवळच्या व्हिकरी ओढ्याकाठी जुन्या कापडगिरणीचे अवशेष आणि बंधाऱ्यावरून पडणारे पाणी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ च्या जुलैत, उत्तरेचे सेनापती शर्मन यांच्या सैन्याने ही गिरणी जाळली आणि तिच्यात काम करणाऱ्या स्त्रियांना मुलाबाळांसह पकडून उत्तरेकडे पाठवून दिले. वाटेवरच्या जंगलात एप्रिलमध्ये तीन पानांचे, तीन पाकळ्यांचे ट्रिलियम फुललेले असते. ते खुडू नये, कारण खुडलेल्या रोपाला सावरायला वर्षे लागतात.

नदीबाबत एक इशारा मात्र कळकळीने द्यायचा आहे. धरणाचे पाणी जलाशयाच्या तळाकडून सोडले जाते, त्यामुळे बाहेर हवा कितीही उबदार असली तरी पाणी बारमाही थंडगार, दहा अंशांच्या आसपास असते. याच थंडाव्यामुळे येथे ट्राउट मासा टिकतो, आणि याच थंडाव्यामुळे पाण्यात पडलेल्या चांगल्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत आखडतात. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की धरणाजवळची पातळी झपाट्याने वाढते. त्याआधी भोंगे वाजतात, ते ऐकताच काठावर यावे. धरणाखालच्या पहिल्या टप्प्यात तर अंगात लाइफ जॅकेट घालणे बंधनकारकच आहे. गुडघाभर पाण्यात खडकावर उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह आपल्या लोकांना फार असतो. तो आवरावा.

शहराच्या पूर्वेला वीसेक मैलांवर अरेबिया माउंटन आहे. नाव पर्वताचे असले तरी हा जमिनीतून वर आलेला ग्रॅनाइटसदृश खडकाचा विस्तीर्ण, उघडा उंचवटा आहे, आणि चढ इतका मंद आहे की सावकाश चालणारी माणसेही माथ्यावर पोहोचतात. वाट दाखवण्यासाठी दगडांच्या राशी रचलेल्या आहेत. मार्चच्या अखेरीस येथे जे दिसते ते ज्यांनी भाद्रपदात कासचे पठार पाहिले आहे त्यांना पटकन उमगेल. खडकावर जेथे जेथे उथळ खळगे आहेत, तेथे दोन-चार बोटे जाडीची वाळूमिश्रित माती साठते, आणि त्या मातीत डायामॉर्फा नावाची वनस्पती उगवते. गुडघे टेकून जवळून पाहिले तर तिचे देठ आणि दाण्यांसारखी फुगीर पाने गडद लाल दिसतात, उंची बोटभरसुद्धा नसते आणि प्रत्येक टोकाला चार पाकळ्यांची, तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुले असतात. हिची परागसिंचनाची कामगिरी मुख्यतः मुंग्या करतात. हिवाळ्याच्या पावसावर ती वाढते, वसंतात फुलते आणि उन्हाळा लागताच वाळून जाते. बी मात्र वाळलेल्या देठावरच तापलेल्या खडकापासून वर राहते आणि पाऊस-गारवा आल्यावर रुजते. दूरवरून पाहिले तर करड्या खडकावर लाल डबकी साचल्यासारखी दिसतात. शेजारच्या पाण्याच्या खळग्यांत तर अशा काही चिमुकल्या पाणवनस्पती आहेत ज्या केवळ आग्नेय अमेरिकेतल्या अशा खडकांवरच सापडतात आणि ज्यांना केंद्र सरकारने संरक्षण दिले आहे. या खळग्यांत एक पाऊल पडले तरी वर्षानुवर्षे साठलेली माती निघून जाते. कासला कुंपण आणि प्रवेशमर्यादा का घालावी लागली हे आपण जाणतो. येथे कुंपण नाही, म्हणून पाहुण्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या मुलांनी कोरड्या खडकावरूनच चालावे, ही माझी हात जोडून विनंती आहे.

याच दिशेला स्टोन माउंटन हा अधिक प्रसिद्ध, भोवतालच्या जमिनीपासून ८२५ फूट उंच असा एकसंध डोंगर आहे आणि मैलभराच्या पायवाटेने माथा गाठता येतो. शेवटचा टप्पा उभा आहे, हृदयविकार असलेल्यांनी जपून. सूर्योदयाला वर गेल्यास संपूर्ण शहर झाडांच्या हिरव्या समुद्रातून वर आलेले दिसते. मात्र डोंगराच्या अंगावर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या तीन नेत्यांचे भव्य कोरीव काम आहे, ते १९७२ मध्ये पूर्ण झाले, आणि १९१५ मध्ये कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे पुनरुज्जीवन याच डोंगरमाथ्यावर झाले. किंग यांनी १९६३ च्या वॉशिंग्टनमधील भाषणात या डोंगराचा नामोल्लेख केला तो उगाच नव्हे. मुलांनी आईवडिलांना हे सांगूनच वर न्यावे. मला स्वतःला विचाराल तर मी अरेबियाची निवड करेन.

वसंताचा मोठा त्रास म्हणजे परागकण, आणि त्याविषयी आपल्याकडून येणाऱ्यांना आधी कोणी सांगत नाही. मार्चच्या उत्तरार्धात पाइन वृक्षांचे पराग इतके उधळतात की रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी सकाळी पिवळी झालेली असते, ओसरीवरच्या खुर्च्या पिवळ्या, साचलेल्या पाण्याच्या कडाही पिवळ्या. गंमत अशी की दिसणारा हा पिवळा थर तितकासा अपायकारक नाही. पाइनचा कण मोठा आणि जड असतो. शिंका, डोळ्यांची आग आणि दमा यांना कारणीभूत होतात ते ओक, बर्च अशा झाडांचे बारीक, न दिसणारे कण. हवेच्या एका घनमीटरमध्ये १,५०० हून अधिक कण असले तर पातळी अतितीव्र मानली जाते, आणि २९ मार्च २०२५ रोजी अटलांटामध्ये हा आकडा १४,८०१ होता, जो येथला आजवरचा उच्चांक ठरला. तेव्हा ज्यांना दमा किंवा ॲलर्जी आहे त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, नेहमीचा इन्हेलर आणि गोळ्या पुरेशा आणाव्यात, मोजणीचे आकडे रोज प्रसिद्ध होतात ते पाहावेत, आणि शक्यतो जोराचा पाऊस पडून गेल्यानंतरच्या दिवशी बाहेर पडावे. पावसाने हवा धुऊन निघते आणि ते दोन दिवस फिरण्यासाठी सर्वोत्तम असतात. घरी आल्यावर कपडे बदलून तोंड-डोळे धुवावेत, खिडक्या बंद ठेवाव्यात. ज्यांचा त्रास फारच तीव्र आहे त्यांनी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यानंतरचे तिकीट काढणे बरे. डॉगवुड हुकेल, पण मेमधले मॅग्नोलिया आणि गुलाब मिळतील.

वादळांचेही भान ठेवावे. मार्च-एप्रिलमध्ये गडगडाटी वादळे येतात आणि कधी त्यांतून टोर्नेडो म्हणजे विध्वंसक वावटळीचा झोतही निर्माण होतो. १४ मार्च २००८ च्या रात्री असा एक झोत थेट शहराच्या मध्यातून गेला होता. फोनवर टोर्नेडो वॉच असा संदेश आला तर सावध राहावे आणि सहल आखडती घ्यावी. वॉर्निंग आली तर घरातल्या सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत लगेच जावे. आजीआजोबा घरी एकटे असतील तर ही खोली कोणती हे मुलांनी त्यांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावे. जंगलातल्या वाटांवर पूर्ण लांबीची विजार घालावी, परतल्यावर अंगावर गोचीड चिकटली नाही ना ते पाहावे, आणि तीन तीन चकचकीत पानांची पॉयझन आयव्ही ही वेल ओळखायला शिकावे, कारण तिच्या स्पर्शाने अंगावर फोड येतात.

संपादक महोदय, स्थळांची माहिती कोठेही मिळते. मला अधिक चिंता आहे ती येथे येणाऱ्या आईवडिलांच्या दिनक्रमाची. आपली बहुतेक कुटुंबे अल्फारेटा, जॉन्स क्रीक, सुवानी, कमिंग अशा उत्तरेकडच्या उपनगरांत राहतात. मार्टाची रेल्वे तेथवर जात नाही आणि गाडी चालवता आली नाही तर माणूस घरात अडकतो. मुलगा-सून दोघे दिवसभर कामात, नातवंडे शाळेत. मग शनिवारी एक मोठी सहल आखायची, तासन्‌तास गाडी चालवून फ्लोरिडा किंवा स्मोकी पर्वत गाठायचा, सोमवारी सगळे थकलेले, आणि मधले पाच दिवस पुन्हा खिडकीतून रस्ता पाहायचा. ज्या वडिलांनी चाळीस वर्षे रोज सकाळी टेकडी चढली, ज्या आईचे संध्याकाळचे फिरणे आणि मैत्रिणींचा कट्टा कधी चुकला नाही, त्यांना दोन आठवड्यांत येथे करमेनासे होते ते मोठी स्थळे पाहायची राहिली म्हणून नव्हे. त्यांना रोजचे मोकळे आकाश हवे असते.

वसंतात हे सहज जमते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासाने पुढे जातात, त्यानंतर सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो आणि एप्रिलच्या मध्यात आठनंतर. म्हणजे साडेपाचला लॅपटॉप मिटला तरी दोन तास उजेड हाती असतो. अल्फारेटा आणि फोरसाइथ काउंटीतून बिग क्रीक ग्रीनवे ही सपाट, फरसबंद वाट ओढ्याकाठच्या पाणथळ जंगलातून जाते. तिचे काही भाग लाकडी पुलांवरून आहेत, हरणे आणि कासवे दिसतात, आणि त्या वाटेवर संध्याकाळी साडीतल्या आज्यांचे दोन-तीन घोळके हमखास भेटतात. ओळखी तेथेच होतात. ज्यांचे काम घरून चालते त्यांनी सकाळी नऊच्या आधी आईवडिलांना या वाटेवर सोडावे आणि दीड तासाने घेऊन यावे. तेवढ्यासाठी कोणत्याही कचेरीचे काम अडत नाही. एखाद्या दिवशी त्यांना नॉर्थ स्प्रिंग्ज या रेल्वेच्या शेवटच्या स्थानकापर्यंत पोहोचवले, कार्ड हातात दिले आणि मिडटाऊनला उतरायचे एवढे समजावून सांगितले, तर ते दोघे आपले आपण पीडमाँट पार्कला जाऊन येऊ शकतात. माझ्या शेजारच्या एका सत्तरीच्या दांपत्याने हे केले. परतल्यावर त्या काकूंच्या बोलण्यात बागेपेक्षा आपण स्वतः रेल्वेने जाऊन आल्याचाच आनंद अधिक होता. अशी मोकळीक आईवडिलांना द्यायला मुले घाबरतात, त्यांची काळजी मला समजते, पण मुंबईच्या लोकलमधून आयुष्यभर प्रवास केलेल्या माणसांवर एवढा विश्वास ठेवायला हरकत नसावी.

व्यवहाराची एक गोष्ट. पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांना सहसा सहा महिन्यांपर्यंत राहण्याची मुभा मिळते, तेव्हा मार्चच्या मध्यास आलेल्यांना येथला वसंत पुरता मिळतो, आणि नातवंडांची सुट्टी लागल्यावर जून-जुलैत त्यांच्याबरोबर उत्तरेकडच्या थंड प्रदेशात जाता येते. जूनमध्ये येणाऱ्याला मात्र वसंत मिळण्याचा मार्गच नाही. मुलाखतीची तारीख मिळायला अनेकदा वेळ लागतो, म्हणून चैत्रात यायचे तर अर्ज आदल्या पावसाळ्यातच करावा आणि तिकीट दिवाळीच्या सुमारास पाहावे. आंब्याचे म्हणाल, तर एक मोसम सोडावा लागेल हे खरे आहे.

आपल्या पुरवणीत अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांचे ऋतुमान, त्या त्या ठिकाणी ज्येष्ठांना झेपतील अशा पायवाटा आणि त्यांना लागणारी आरोग्याची खबरदारी यांची माहिती महिन्यांच्या क्रमाने द्यावी, अशी माझी विनंती आहे. ह्यूस्टन, डॅलस, शार्लट, नॅशव्हिल या दक्षिणेतल्या इतर शहरांतही आपली माणसे आहेत आणि तेथला वसंत अटलांटापेक्षा वेगळ्या तारखांना येतो. तेथील वाचकांनी आपापल्या शहराविषयी लिहिल्यास येत्या वर्षी निघणाऱ्यांना तिकीट काढण्यापूर्वी ते वाचता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक नियमित वाचक
अटलांटा, जॉर्जिया